नदीचें मूळ आणि माशाचें कूळ

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, असें आपल्याकडील जुनीं माणसें सांगत आलीं आहेत. या म्हणींत माशाचा समावेश नाहीं, हें एका परीनें बरेंच झालें. कारण प्रस्तुत लेखकानें मध्यंतरीं एका माशाचें कूळ शोधण्याचा उद्योग आरंभिला, आणि त्या उद्योगानें त्याला हातकणंगल्याहून पुण्यास, पुण्याहून लंडनास, तेथून कावेरीच्या डोहांपर्यंत नेऊन शेवटीं पुन्हां वारणेच्या कांठीं आणून सोडलें. हा सारा प्रवास अर्थातच पुस्तकांतून झाला. त्याचा आरंभ मात्र पुस्तकांत नव्हता. तो वडगांवच्या बाजारांतील एका टोपलींत होता.

हातकणंगले गांव नदीकांठचें नव्हे. तेथें आळत्याचा डोंगर जवळ आहे, मिरजेहून कोल्हापुरास १८९१ सालीं जी आगगाडी सुरू झाली तिचें स्टेशन आहे, आणि चोहोंकडे ऊस आहे. परंतु तालुक्याच्या दोन्ही कुशींस नद्या आहेत. उत्तरेस वारणा, दक्षिणेस पंचगंगा. दोघीही सह्याद्रीच्या लेकी; पूर्वेस वाहत जाऊन एक हरिपुरास व दुसरी नरसोबाच्या वाडीस कृष्णेला मिळते. तेव्हां तालुक्याच्या बाजारांत मासळी दिसावी यांत नवल नाहीं. नवल होतें तें त्या दिवशींच्या एका माशाचें. रोहू, कटला आणि मृगळ यांच्या गर्दींत तो पडला होता. डोकें रोहूहून मोठें, पण कटल्याइतकें थोराड नाहीं. तोंड कटल्यासारखें वर वळलेलें नाहीं आणि रोहूसारखें खालींही झुकलेलें नाहीं. मीं विक्रेत्या बाईला विचारलें, “मावशी, हा रोहू कीं कटला?” तिनें एकदां माशाकडे व एकदां माझ्याकडे पाहिलें आणि म्हणाली, “आवं अण्णा, डोक्याकडनं बगितलं तर कटला, शेपटाकडनं बगितलं तर रव्हू. तळ्यातला हाय न्हवं? तितं कोन कुनाचं इचारतंय!”

मत्स्यविद्येच्या पंडितांनीं अर्ध्या शतकाहून अधिक काळ जो प्रश्न चघळला तो त्या माउलीनें एका वाक्यांत मांडला, हें मला पुढें कळलें. त्या वेळीं मीं मासा घेतला, घरीं आणला, आणि स्वयंपाकघरांतील नापसंतीकडे दुर्लक्ष करून प्रथम तो पाटावर ठेवून पुस्तक उघडलें.

कटला आणि रोहू यांची ओळख अवघड नाहीं. कटल्याचें डोकें प्रचंड, तोंड रुंद व आकाशाकडे उघडणारें. कारण तो पाण्याच्या वरच्या थरांतील सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याला मिशा नसतात. रोहूचें तोंड खालच्या अंगास असतें, त्याचे ओठ जाड व झालरीसारखे कातरलेले असतात, आणि नीट निरखून पाहिल्यास वरच्या जबड्याच्या खोबणींत दोन अगदीं बारीक मिशा सांपडतात. पाठीवरील परांत कटल्याला चौदा ते सोळा फांटे फुटलेले कांटे, तर रोहूला बारा किंवा तेरा. एवढें जाणलें म्हणजे सामान्य गृहस्थाचें काम भागतें. माझ्या पाटावरील माशाला मिशा होत्या, पण भिंगाखेरीज दिसूं नयेत इतक्या लहान. ओठास झालर होती, पण ती विरलेल्या लुगड्याच्या कांठासारखी. आणि पाठीवरचे फांटे मोजतां मोजतां तेराचे चौदा झाले. पुस्तकानें निकाल दिला: हा दोहोंचा संकर.

हा संकर कोठून आला याचा इतिहास फार जुना नाहीं. रोहू, कटला, मृगळ हे मासे वाहत्या नदींत, पावसाळी पुराच्या वेळीं अंडीं घालतात. तळ्याच्या साचलेल्या पाण्यांत ते वाढतात, पण विणत नाहींत. म्हणून पूर्वी मत्स्यबीज हवें असल्यास पुराच्या पाण्यांत जाळीं लावून तें गोळा करावें लागे, आणि त्यांत कोणाचीं पिल्लें आलीं हें वाढल्यावरच कळे. १९५७ सालच्या जुलैच्या १० तारखेस ओडिशांतील अंगुल येथें हिरालाल चौधरी आणि त्यांचे सहकारी यांनीं माशाच्या मेंदूच्या तळाशीं असलेल्या पीयूषग्रंथीचा अर्क टोंचून या माशांना तळ्यांतच विणावयास लावलें. भारतीय मत्स्यशेतीचा नवा शक त्या दिवसापासून सुरू झाला असें मानतात, आणि १० जुलै हा दिवस आजही मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळला जातो. मासा हवा तेव्हां विणूं लागला, त्याबरोबर हव्या त्या दोन जातींचा संयोग घडविणेंही हातीं आलें. चौधरींनीं थोड्याच अवधींत असे संकर करून पाहिले. त्यांत कटला आणि रोहू यांची संतति लाभाची ठरली. ती रोहूपेक्षां लवकर वाढते, आणि तिचें डोकें कटल्यापेक्षां लहान असल्यामुळें मांस अधिक मिळतें.

येथपर्यंत सारें विचारपूर्वक झालें. परंतु पुढें मत्स्यबीज केंद्रांत मोठ्या वर्तुळाकार टाक्या आल्या. फिरत्या पाण्याच्या त्या टाकींत कटला, रोहू व मृगळ यांच्या माद्या आणि नर एकाच रात्रीं एकत्र सोडले तर वेळ व खर्च वांचतो. माशांचें फलन शरीराबाहेर, पाण्यांत होत असल्यामुळें एकाचें अंडें व दुसऱ्याचें रेत यांची गांठ पडण्यास कांहींच अडचण नसते. तिन्ही जातींच्या पेशींत रंगसूत्रांची संख्या सारखीच, पन्नास. त्यामुळें ही मिश्र संतति केवळ जगत नाहीं, तर स्वतःही विणते. म्हणजे पुढल्या वर्षीं वीण घेण्यासाठीं जो नर निवडला तो निखळ रोहू आहे कीं त्याच्या आजोळीं कटला आहे, हें केवळ पाहून सांगतां येत नाहीं. पहिल्या पिढीचा संकर दोहोंच्या मधोमध दिसतो; त्याचा रोहूशीं पुन्हां संबंध आला तर तिसऱ्या पिढींत तो रोहूच दिसूं लागतो. मावशींचा प्रश्न असा अक्षरशः खरा होता. कोन कुनाचं इचारतंय!

हा प्रकार आपल्यापुरता नाहीं. संकरज माशांची सर्वांत बोलकी कथा ट्राउट नांवाच्या थंड पाण्याच्या माशाची आहे. आपल्या सह्याद्रीच्या नद्या त्याला उष्ण पडतात, म्हणून महाराष्ट्रानें तो पाहिला नाहीं. परंतु निलगिरीवर तो आणण्याचा प्रयत्न डॉ. फ्रान्सिस डे यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत केला होता. तो फसला, पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं काश्मिरांत व निलगिरींतही ट्राउट रुजला. त्याची मूळ कथा मात्र अमेरिकेची. तेथील रॉकी पर्वताच्या ओढ्यांत ‘कटथ्रोट’ म्हणजे ‘गळाचिऱ्या’ या नांवाचा ट्राउट पूर्वापार राहत आला आहे. त्याच्या खालच्या जबड्याखालीं दोन तांबड्या-केशरी रेघा असतात. जणूं कोणीं सुरी फिरविली आहे. गळ टाकून शिकार करणाऱ्या हौशी लोकांना पॅसिफिकच्या बाजूचा ‘रेनबो’ म्हणजे इंद्रधनुषी ट्राउट अधिक आवडे. त्याची झुंज चांगली. म्हणून तो या ओढ्यांत लक्षावधि संख्येनें सोडण्यांत आला. दोघेही एकाच ऋतूंत, एकाच प्रकारच्या खडींत अंडीं घालतात. व्हावयाचें तें झालें.

त्यांच्या संततीला तिकडे ‘कटबो’ म्हणतात. ओळखण्याच्या खुणा अशा: गळ्याखालची रेघ असते, पण फिकी, डोक्यावर रेनबोसारखे ठिपके उतरतात, पोटाखालच्या परांच्या टोकांस पांढरी किनार येते, आणि जिभेच्या मागल्या बाजूस कटथ्रोटला जे बारीक दांत असतात, ते संकरांत कधीं असतात तर कधीं नसतात. या शेवटच्या ‘कधीं’नेंच सारा घोंटाळा केला. हा संकर प्रजननक्षम असल्यामुळें ओढ्यामागून ओढ्यांतील निखळ कटथ्रोट हळूहळू विरघळून गेला. याउलट तपकिरी ट्राउट व ब्रूक ट्राउट यांच्यापासून जो ‘टायगर’ ट्राउट होतो, त्याच्या अंगावर किड्यांनीं कोरल्यासारखी नक्षी असते व तो पाहतांक्षणीं ओळखूं येतो. त्याच्या मातापित्यांचीं रंगसूत्रें अनुक्रमें ऐंशीं व चौऱ्यायशीं. हा हिशेब जुळत नसल्यामुळें तो वांझ राहतो. जो संकर ठळकपणें डोळ्यांत भरतो तो एका पिढींतच संपतो, आणि जो डोळ्यांना चकवितो तोच पुढें पसरतो, असा हा निसर्गाचा विपरीत न्याय आहे.

आतां आपल्या घरीं येऊं. दख्खनच्या नद्यांत ट्राउटच्या मानाचा मासा म्हणजे महाशीर. आपल्याकडील भोई त्याला खडस, खडशी अशा नांवांनीं ओळखत आले आहेत. मोठमोठे खवले, जाड ओठ, तोंडाशीं मिशांच्या दोन जोड्या, आणि खळाळत्या पाण्यांतून उलट चढून जाण्याची ताकद, हीं त्याचीं लक्षणें. त्याची पहिली शास्त्रीय नोंद करणारा मनुष्य होता विल्यम हेन्री साइक्स. पेशवाई १८१८ सालीं बुडाली. त्यानंतर सहा वर्षांनीं, म्हणजे १८२४ सालीं, एल्फिन्स्टनच्या सरकारनें या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची सर्व प्रकारची माहिती आंकड्यांनिशीं गोळा करण्याच्या कामावर नेमलें. नव्या राज्यकर्त्यांना जमीन, पीक, वस्ती, भाव यांची मोजदाद हवी होती. साइक्सनें ती केलीच. पण त्याबरोबर पक्षी, प्राणी आणि मासे यांचीही केली. विलायतेस परतल्यावर दख्खनच्या माशांवरील त्याचा निबंध लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढें आला. १८३९ सालीं त्याचा सारांश व १८४१ सालीं चित्रांसह विस्तृत लेख प्रसिद्ध झाला.

या निबंधांत एक गोष्ट मराठी वाचकानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. शास्त्रीय नांव लॅटिन धाटणीचें असावें, असा दंडक. परंतु साइक्सनें कितीतरी माशांचें दुसरें नांव स्थानिक लोकांच्या तोंडचेंच ठेवलें. खुद्री, मुसुल्ला, कोलस, नुक्ता, मुल्या, फुलंगी, पोटैल, अलकुटी, मुरे या साऱ्या त्याच्या शास्त्रीय संज्ञा आहेत. शब्द इंग्रजी कानानें ऐकले व इंग्रजी लेखणीनें उतरले, त्यामुळें ते थोडे मोडले. पण ते आहेत भीमेच्या व तिला मिळणाऱ्या नद्यांच्या कांठचे. नाकाडावर शिंगासारखा उंचवटा व खांच असलेला तो विचित्र ‘नुक्ता’ मुख्यतः कृष्णेच्या खोऱ्यांतच सांपडतो, आणि जगांतला कोणताही शास्त्रज्ञ त्याला त्याच नांवानें ओळखतो. ज्या भोयांनीं हीं नांवें सांगितलीं त्यांचीं स्वतःचीं नांवें कोणीं टिपून ठेविलीं नाहींत. त्यांचे शब्द मात्र लंडनच्या ग्रंथांत अमर झाले.

पुण्याजवळील मुळा-मुठेंत सांपडलेला ‘खुद्री’ म्हणजे आजचा दख्खनी महाशीर. परांच्या निळसर छटेमुळें त्याला निळ्या परांचा महाशीरही म्हणतात. घोड नदींत शिरूरजवळ मिळालेला ‘मुसुल्ला’ हा दुसरा. साइक्सचीं वर्णनें आंखूड आहेत. त्याला शेंकडो वस्तूंची नोंद करावयाची होती. प्रत्येकीला दहा-बारा ओळींपेक्षां अधिक देणें त्याला जमलें नाहीं. या आंखूडपणाची किंमत पुढें शंभर वर्षांनीं द्यावी लागली.

१९३७ पासून डॉ. सुंदरलाल होरा यांनीं मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत भारतांतील शिकारी माशांवर लेखमाला चालविली. भारतीय मत्स्यविद्येंत होरांइतका अधिकारी पुरुष त्या काळीं दुसरा नव्हता. १९४३ सालीं त्यांनीं साइक्सच्या दख्खनी महाशिरांकडे लक्ष वळविलें, आणि पाठीवर वशिंडासारखा उंचवटा असलेल्या महाशिराला ‘मुसुल्ला’ हें नांव दिलें. अशा वशिंडाचा सर्वांत मोठा मासा कावेरींत होता. म्हैसूर संस्थानांत काबिनी नदीवर १९४६ सालीं धरलेला १२० पौंडांचा महाशीर शिकाऱ्यांच्या जगांत विख्यात आहे. अशा रीतीनें शिरूरच्या भोयाचा शब्द कावेरीच्या राजाच्या डोक्यावर मुकुटासारखा बसला.

तो मुकुट मात्र भलत्याच्याच डोक्यावर होता. विद्यमान शतकाच्या दुसऱ्या दशकांत संशोधकांनीं साइक्सचें मूळ वर्णन व चित्र पुन्हां तपासलें, कृष्णेच्या खोऱ्यांतील मासे त्याच्याशीं ताडून पाहिले, आणि त्यांस आढळलें कीं ‘मुसुल्ला’ हा महाशिरांतला नव्हेच. तो कोलसाच्या गोत्रांतला मासा. त्याचे खवले तुलनेनें लहान व संख्येनें अधिक. महाशिराच्या कुशीवरील रेषेंत बहुधा पंचविसाच्या आगेमागे खवले असतात. तेवढे मोजले असते तरी भेद उघड झाला असता. मग कावेरीच्या त्या वशिंडवाल्या महाकाय माशाचें नांव काय? सत्तर वर्षें जो परक्याच्या नांवानें वावरला, त्याला स्वतःचें शास्त्रीय नांवच नव्हतें. २०१८ सालीं त्याची ओळख निश्चित झाली: केरळांतील पांबार नदींतून पूर्वीं ‘टोर रेमादेवी’ या नांवानें ज्याचें वर्णन झालें होतें, तोच हा. नांव मिळालें, आणि त्याच वर्षीं तो अत्यंत संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादींत दाखल झाला. बारसें आणि अंत्यघटकेची सूचना एकदमच आली.

तो संकटांत कां पडला? येथें कथा पुन्हां महाराष्ट्रांत येते, आणि मराठी मनाला थोडी बोंचते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत धरणें, सुरुंग आणि बेसुमार मासेमारी यांनीं महाशीर सर्वत्र घटूं लागला होता. मुंबईच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे एके काळचे प्रमुख डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांना याची चिंता लागली. हे तेच कुलकर्णी, ज्यांनीं तरुणपणीं, १९४० सालीं, मुंबईकडील खाडीच्या मचूळ पाण्यांतील एका चिमुकल्या, जवळजवळ पारदर्शक माशाचें प्रथम वर्णन केलें, आणि त्याला होरा व आपले वरिष्ठ सेटना या दोघांचींही नांवें गुंफून ‘होराइक्थिस सेटनाय’ असें नांव दिलें. लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीचें वळवण धरण आहे. तेथें १९७०च्या सुमारास कुलकर्णींनीं महाशिराच्या मादीचीं अंडीं हळूच दाबून काढून त्यांचें कृत्रिम फलन घडविलें, त्यांची वाढ दिवसामागून दिवस टिपून प्रसिद्ध केली, आणि कंपनीनें तेथें कायमचें बीजकेंद्र उभें केलें. पुढें शशांक ओगले यांनीं हें काम दीर्घकाळ चालविलें. लक्षावधि पिल्लें तेथून देशभर गेलीं. ज्या माशाचें नांव पुण्याच्या नदीवरून जगास कळलें, त्याचा वंश इंद्रायणीच्या उगमाजवळ वांचविला गेला. यापेक्षां सुंदर योगायोग कोणता?

परंतु वांचविण्याच्या उत्साहांत दोन गोष्टी घडल्या. हिमालयांतील सोनेरी महाशीर व इतर जातीही लोणावळ्यास आणून वाढविण्यांत आल्या, आणि त्यांचे परस्पर संकर करून पाहण्यांत आले. हा शास्त्रीय प्रयोग होता व त्याची नोंदही झाली. दुसरी गोष्ट अधिक दूरगामी. कावेरींत महाशीर कमी झाला, म्हणून १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून लोणावळ्याचीं पिल्लें कावेरींत सोडण्यांत आलीं. सोडणाऱ्यांचा हेतु निर्मळ होता. महाशीर तो महाशीर, एवढाच त्यांचा हिशेब. कावेरीच्या कांठीं गळाचे शिकारी मासा धरून पुन्हां सोडून देत व त्याची नोंद ठेवीत. १९९८ ते २०१२ या काळांतील त्या नोंदी पुढें अभ्यासकांनीं मांडून पाहिल्या, तेव्हां निळ्या परांचा पाहुणा वाढत गेलेला आणि वशिंडवाला यजमान जवळजवळ दिसेनासा झालेला आढळला. दोघांचा संकर झाला असावा अशी शंकाही तज्ज्ञांनीं बोलून दाखविली आहे. महाशिराच्या पेशींत रंगसूत्रें शंभर. जाती निराळ्या असल्या तरी हिशेब जुळतो.

ही शंका फिटावी कशी, हा ओळखीचा खरा पेंच आहे. अमेरिकेचे मत्स्यशास्त्रज्ञ कार्ल हब्ज यांनीं १९५५ सालीं निसर्गांत होणाऱ्या माशांच्या संकरांचा प्रदीर्घ आढावा घेतला. त्यांचा मुख्य निष्कर्ष असा कीं, पहिल्या पिढीचा संकर बहुतेक प्रत्येक मापांत आईबापांच्या मध्यें पडतो. आणि जेथें एक जात विपुल व दुसरी दुर्मिळ असते, किंवा जेथें मनुष्यानें नदीचें रूप पालटलें असतें, तेथें संकर अधिक घडतो. दुर्मिळास आपल्या जातीचा जोडीदार मिळत नाहीं, हेंच त्याचें साधें कारण. म्हणून संकर ओळखूं इच्छिणारानें एका खुणेवर विसंबूं नये. खवले मोजावे, परांचे कांटे मोजावे, डोक्याची लांबी व अंगाची उंची यांचें प्रमाण काढावें, ओठ व मिशा पाहाव्या. मग हीं सारीं मापें दोन्ही मूळ जातींच्या मापांशेजारीं मांडावीं. सगळीं मध्यें पडलीं तर संशय घ्यावा. एकच पडलें तर तो त्या माशाचा स्वभाव समजावा, जशी एखाद्या घरांत एखाद्याला सहा बोटें असतात.

आणि डोळे हरतात तेथें रक्ताची साक्ष काढावी लागते. पेशींतील एक आनुवंशिक द्रव्य केवळ आईकडून येतें, दुसरें आईबाप दोघांकडून. पहिल्याची परीक्षा सोपी व स्वस्त, म्हणून तीच अधिक होते. परंतु तिच्यांत संकरज पोर नेहमीं आईच्याच जातीचें ठरतें. बापाचा पत्ता लागण्यासाठीं दुसरें तपासावेंच लागतें. अर्धी साक्ष घेऊन दिलेला निकाल न्यायालयांत टिकत नाहीं, तसा तो नदींतही टिकत नाहीं.

येथें कोणी सुज्ञ वाचक विचारील कीं, एवढा सोंवळेपणा कशासाठीं? मासा धष्टपुष्ट आहे, चवीला चांगला आहे, मग त्याचें गोत्र विचारण्यांत काय हंशील? आणि ‘संकर’ या शब्दाला आपल्या समाजांत जो वाईट वास आहे, तो या विवेचनांत आणून ठेवावा काय? हा आक्षेप मला मोलाचा वाटतो. ज्या करवीर संस्थानांत शाहू महाराजांनीं १९१९ सालीं आंतरजातीय विवाहास कायद्याची मान्यता दिली, त्या भूमींत तरी याचें उत्तर स्वच्छ दिलें पाहिजे. मनुष्यांच्या ‘जाती’ या मनुष्यांनीं कल्पिलेल्या. सारे मानव एकाच जीवजातीचे. तेथें मिश्रणानें कांहीं नष्ट होत नाहीं. नष्ट होते ती केवळ घमेंड. माशांच्या जाती मात्र लक्षावधि वर्षें वेगळ्या नद्यांत, वेगळ्या पाण्यांत घडलेल्या आहेत. कावेरीचा वशिंडवाला मासा कावेरीच्या पुरांना, तेथील खडकांना व खाद्याला उत्तर म्हणून घडला. तो विरघळून गेला, तर तें उत्तर पुन्हां कोणाला लिहितां येणार नाहीं. आमचा आक्षेप संकराच्या पावित्र्याविषयीं नाहीं. तो विस्मृतीविषयीं आहे. संकर करावा, तळ्यांत वाढवावा, बाजारांत विकावा. परंतु तो संकर आहे असें लिहून ठेवावें, आणि तो नदींत सोडूं नये. मावशींच्या टोपलींतील मासा ताटांत गेला, यांत कोणाचेंही नुकसान झालें नाहीं. तोच पुराच्या रात्रीं तळ्याचा बांध फुटून वारणेंत गेला असता, तर गोष्ट निराळी.

आपल्याकडे माशांचीं कुळें राखण्याची एक जुनी रीत होतीही. महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडींत वरदायिनीच्या नांवानें, वाड्याजवळ वैतरणेच्या कांठीं तिळसे येथें महादेवाच्या नांवानें महाशिरांचे डोह राखलेले आहेत. तेथें कोणी जाळें टाकीत नाहीं. भाविक खाऊ टाकतात आणि मासे निर्धास्तपणें वर येतात. ज्यांनीं हे डोह राखले त्यांना रंगसूत्रें ठाऊक नव्हतीं. परंतु जेथें वीण होते तें पाणी सोडून द्यावें, ही मत्स्यविद्येची पहिली पायरी त्यांनीं श्रद्धेच्या हातानें बांधली. या डोहांतही पुण्य म्हणून बाहेरचे मासे आणून सोडले जाऊं नयेत, एवढीच आतां प्रार्थना.

कोल्हापूरच्या माशांची पद्धतशीर यादी मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत १९५६ सालीं प्रसिद्ध झाली. म्हणजे पीयूषग्रंथीच्या प्रयोगाच्या आधीं एक वर्ष. टाक्यांचा काळ सुरू होण्यापूर्वीं आमच्या नद्यांचें जें चित्र होतें तें सुदैवानें टिपलें गेलें. त्यानंतर पंचगंगेवर जें गुदरलें तें सर्वांच्या डोळ्यांपुढें आहे. कारखान्यांचें व शहरांचें सांडपाणी, जलपर्णीचा हिरवा गालिचा, आणि उन्हाळ्यांत बंधाऱ्यांशीं मरून वर आलेल्या माशांचा खच, हीं दृश्यें वर्तमानपत्रांत वारंवार येतात. अशा नदींत दुर्मिळ मासा अधिक दुर्मिळ होतो. आणि हब्ज सांगून गेलेच आहेत कीं, दुर्मिळाच्याच नशिबीं संकर येतो.

तो मासा खाऊन झाल्यावर कांहीं दिवसांनीं मी वारणेच्या कांठीं गेलों होतों. एक म्हातारा भोई जाळें वाळवीत बसला होता. मीं त्याला जुन्या माशांचीं नांवें विचारलीं. त्यानें बोटांवर मोजावयास सुरुवात केली: “कोळस, तांबीर, कानस, वाम, मरळ, शिवडा...” दुसऱ्या हाताचीं बोटें सुरू झालीं, आणि एका बोटाशीं तो थांबला. “खडस. आमच्या बाच्या जाळ्यात यायचा. म्या पोरपणी बगितला, मग न्हाई.” पुन्हां दिसला तर ओळखाल का, असें विचारतां तो हंसला. “वळकंन की. पर त्यो त्योच असला पायजे न्हवं?”

शास्त्राच्या सगळ्या पुस्तकांनंतर मला हाच प्रश्न सर्वांत कठीण वाटला. उद्यां कोणी उदार मनानें वारणेंत वा पंचगंगेंत महाशिराचीं पिल्लें सोडावयाचें ठरविलें, तर तें काम स्वागतार्हच होईल. इंद्रायणी अखेर भीमेवाटे कृष्णेलाच मिळते, तेव्हां तिच्या खोऱ्यांतील निखळ खुद्री येथें पाहुणा ठरणार नाहीं, तो भाऊबंदच. पण तो निखळ आहे काय, त्याच्या आजोळीं हिमालय आहे काय, हें सांगणारा कागद त्या पिल्लांबरोबर आला पाहिजे. आमच्या भागांत हेळवी येतात. बैलावर बसून दारांत येतात, वही उघडतात, आणि घरच्या माणसांनाही ठाऊक नसलेल्या सात-सात पिढ्यांचीं नांवें, मूळ गांव, कोण कोठून आला, कोण कोठें गेला, सारें वाचून दाखवितात. प्रत्येक मत्स्यबीज केंद्रांत अशी एक वही असावी, आणि प्रत्येक टाकीला तिच्यांत एक पान. मग तो म्हातारा नसला, तरी त्याच्या नातवाला विचारतां येईल कीं हा खडस तोच का, आणि कोणीतरी वही उघडून उत्तर देईल.